रविवारी पाप धुतलं, सोमवारी परत चालू? तसं नसतं रे बाबा

ईस्टर जवळ आलं की आमच्या गोव्यातल्या पेडणे-बार्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. म्हणणं थोडक्यात असं, की किरिस्तांवांचा (ख्रिश्चनांचा) देव लायकी न बघता प्रेम करतो, म्हणजे आठवडाभर वाट्टेल ते करा आणि रविवारी पाद्रीच्या कानात पापं सांगून मोकळे व्हा, म्हणून त्यांना पापाची भीती नाही, मरताना सुधारला तरी सेम बक्षीस, ही माफी पूर्वी पैशांनी विकायचे, आणि अशा प्रेमळ देवाच्या नावानं गोव्यात इन्क्विझिशन (चर्चच्या धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारी कचेरी) चालवली. शेवटची ओळ: 'आपल्याकडे असलं काही नाही, कर्म भोगावंच लागतं.' मी काही किरिस्तांव नाही, घरी चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधणारा माणूस, पण टीका करायची तर समोरचा नक्की काय मानतो ते तरी आधी बघायला नको?

पहिलं, कानात सांगण्याचं. कन्फेशन, आपल्याकडे कोकणीत ज्याला कुमसार म्हणतात, ते दर रविवारी करावंच लागतं असं नाही, मोठं पाप असेल तर वर्षातून निदान एकदा करायचं हा नियम 1215 पासूनचा. आणि पाद्रीनं माफीचे शब्द म्हटले की काम झालं असंही नाही. आता गोव्यातलंच उदाहरण घ्या, समजा एकानं परदेशी गेलेल्या शेजाऱ्याच्या जमिनीचं खोटं सेल डीड (खरेदीखत) केलं, म्युटेशन (फेरफार) करून घेतलं, फॉर्म वन-फोर्टीनवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, स्वतःचं नाव चढवलं, मग कुमसाराला जाऊन 'पाद्रीबाब, चुकलो' म्हणाला, पण जमीन सोडायचं मात्र मनात नाही. चर्चच्याच शिकवणीप्रमाणे ती माफी त्याला लागत नाही, कारण खरा पश्चात्ताप नाही आणि पुन्हा तसं न वागण्याचा निश्चयही नाही. लुबाडलेलं परत द्यावं लागतं. आणि पोलीस केस झाली तर ती आपल्या गतीनं चालणारच, कुमसार केलं म्हणून कोणाला जामीन मिळत नाही. शिवाय हे झालं कॅथलिकांचं, बहुतेक प्रॉटेस्टंट लोकांत पाद्रीच्या कानात सांगायची पद्धतच नाही आणि कृपेवर, म्हणजे लायकी न बघता मिळणाऱ्या देवाच्या प्रेमावर, सगळ्यात जास्त जोर तर तेच देतात, मग हा मुद्दा त्यांना कुठून लावणार?

दुसरं, भीती नाही म्हणून नीती नाही. हा टोमणा काही फॉरवर्डवाल्यानं शोधलेला नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल ह्यानं पहिल्या शतकातच रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात स्वतःहून काढलाय आणि उत्तर ठाम 'नाही' असं दिलंय. बायबलात लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय बघा. यरीहोचा जकातदार, लोकांना पिळून श्रीमंत झालेला, आणि येशू गर्दीसमोर त्यालाच सांगतो की आज मी तुझ्याकडे उतरणार. सुधार, मग येतो, अशी अट नाही. लोक कुरकुरतात, साहजिक आहे. आणि हा गडी उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट परत. आधी प्रेम आणि त्याच्या मागून वागणूक, हा क्रम फॉरवर्डवाल्यानं उलटा वाचलाय, सगळा घोळ तिथंच आहे.

तिसरं, शेवटी आला तरी सेम बक्षीस. हे मात्र ते खरंच मानतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशू सांगतो त्या गोष्टीत द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून मजूर आणतो आणि संध्याकाळी पाच वाजता परत जातो तर काहीजण अजून उभेच, का रे तर म्हणे आम्हाला कोणी कामाला घेतलंच नाही. आपल्या नाक्यांवर सकाळी कामाची वाट बघणारे मजूर आठवा, दुपार झाली तरी कोण उरतो? म्हातारा, नाहीतर लंगडणारा. मालक सगळ्यांना एकेक दीनार देतो, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, कमी राबला म्हणून घरातली तोंडं काही कमी होत नाहीत. पहिल्यांचा राग मला कळतो, खरं सांगायचं तर मलाही हे पचायला जडच जातं. पण त्यांचं ठरलेलं त्यांना पुरेपूर मिळालं ना, मग तक्रार कसली?

माफी विकायचे, हो, इंडल्जन्सचा, म्हणजे पापाच्या शिक्षेत चर्चनं दिलेल्या सुटीचा, बाजार झाला होता. 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर त्याच्यावरच तुटून पडला आणि 1567 मध्ये पोप पायस पाचव्यानं पैसे घेऊन इंडल्जन्स देणं रद्द केलं. कृपा विकत मिळत नाही म्हणूनच तर भांडण पेटलं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती घेणाऱ्याला फुकट आहे, देणाऱ्यानं, म्हणजे येशूनं, क्रुसावर किंमत मोजलीय.

इन्क्विझिशनवर मी कोणाचा बचाव करणार नाही. 1560 ते 1812, मधली चारेक वर्षं सोडली तर चालूच होती, आणि त्याच पोर्तुगीज राजवटीत मंगेश देवाला कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला न्यावं लागलं. हा राग खरा आहे, राहणारच. पण धाक दाखवून कृपा वाटता येते असं जक्कयच्या गोष्टीत कुठं दिसतं? सत्याच्या नावानं झालेल्या हिंसेबद्दल पोप जॉन पॉल दुसऱ्यानं 12 मार्च 2000 ला जाहीर क्षमा मागितली, ती पुरेशी की नाही ह्यावर वाद घाला, पण ह्या पापाला कृपेची शिकवण जबाबदार असं म्हणू नका.

राहता राहिलं 'आपल्याकडे असलं काही नाही'. अहो, भागवतातला अजामिळ कोण मग? जन्मभर नको ते धंदे केले, मरताना पोराला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि विष्णुदूतांनी त्याला यमदूतांच्या हातून सोडवलं. विठोबाला पतितपावन म्हणतो तो कोणाच्या लायकीवर? कीर्तनात ही गोष्ट लागली की माना डोलवणारे आपणच, आणि दुसऱ्या दिवशी हा फॉरवर्ड पुढे ढकलणारेही आपणच.