कोंबडीचा ताप

“कोंबडीला ताप आला आहे का, जावईबापू?” हा प्रश्न मला गेल्या रविवारी माझ्याच स्वयंपाकघरात सहा माणसांच्या देखत विचारण्यात आला. सहाही माणसे हसली आणि त्यांत माझी पत्नीही होती, हे मी अजून विसरलेलो नाही. विचारणारे गृहस्थ म्हणजे पत्नीचे मामा. माझ्या हातात थर्मामीटर होता, त्याची सळई कोंबडीच्या मांडीत हाडाला टेकणार नाही अशा बेताने सर्वांत जाड भागात खुपसलेली होती आणि आकडा ५८ वर होता. कोंबडी निर्धास्तपणे खायची तर तो ७४ अंश सेल्सिअसवर जावा लागतो. म्हणजे प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ताप हवा होता आणि तो कमी पडत होता, पण हसणाऱ्यांना हे सांगायचे कसे?

तसे पाहिले तर ठिणगी अर्ध्या तासापूर्वीच पडली होती. मी कांदा चिरायला पाठ फिरवली, तेवढ्यात मामांनी कच्ची कोंबडी उचलून नळाखाली धरली आणि नळ पूर्ण सोडला.

“मामा, कोंबडी धुवू नका,” मी म्हणालो.

“म्हणजे घाण तशीच शिजवायची?”

“पाण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांवर बसून ओटाभर फिरून येतात. शिजवल्यावर ते आपोआप मरतात.”

“मग शिंतोड्यांतलेही मरतील की.”

“शिंतोडे कोण शिजवणार? ते समोरच्या काकडीवर पडतात आणि काकडी आपण कच्ची खातो.”

मामांनी काकडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एखाद्या न्यायाधीशाच्या शांतपणाने म्हणाले, “मग काकडी शिजवा.”

चिरलेल्या काकडीवर पाण्याचे चार-पाच टपोरे थेंब चमकत होते. ती मी कचऱ्यात टाकली, त्यावर बाहेरच्या खोलीत ‘हल्ली लोकांना अन्नाची किंमत राहिलेली नाही’ या विषयावर थोडे चिंतन झाले. तोवर मी ओटा, नळ आणि नळाची चावी साबणाने धुवत होतो आणि ते चिंतन मला स्पष्ट ऐकू येत होते.

मामांचा दुसरा सिद्धान्त असा, की मांस शिजले की नाही हे रंगावरून कळते. तो रंग मांसातल्या ज्या प्रथिनामुळे, म्हणजे मायोग्लोबिनमुळे येतो, त्याचे वागणे मामांइतकेच लहरी असते. खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी दिसू शकतो, तर पूर्ण शिजलेली कोंबडीही हाडापाशी गुलाबी राहू शकते. मांसाच्या पाकिटात साचणारे लाल पाणी तरी कुठे रक्त असते? तेही मायोग्लोबिन मिसळलेले पाणीच. मटणाच्या अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, म्हणून आतून ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटांचा विसावा एवढे पुरते. खिमा करताना मात्र बाहेरचे सगळे आत कालवले जाते, त्यामुळे त्याला ७१ लागतात. हे मी त्या दिवशी सांगायला सुरुवात केली होती. ‘मायो’पर्यंत पोहोचलो, तेव्हा ऐकायला कोणीही उरले नव्हते.

फक्त मामा होते आणि त्यांच्या हातात चहाचा कप होता.

“बघू तरी तुमचे यंत्र,” असे म्हणून त्यांनी ५८ अंशांच्या, म्हणजे अजून अर्धवट कच्च्या कोंबडीतून सळई उपसली आणि मी तोंड उघडण्याच्या आत ती सरळ स्वतःच्या चहात बुडवली. आकडा चढू लागला. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक केले आणि बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, “अडुसष्ट! चहा अजून कच्चा आहे!”

या वेळचे हसू आधीच्यापेक्षा मोठे होते. सळई दर वेळी धुवून पुसावी लागते, नाहीतर तीच एका भांड्यातले जंतू दुसऱ्यात पोहोचवते, हे मी सांगितले आणि चहा ओतून द्यायची विनंती केली. मामांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून तो कप सावकाश रिकामा केला, सळईवरून ओघळलेला तुपकट थेंबही सोडला नाही.

इथे मला खरोखरच राग येतो. फ्रिजमध्ये कच्चे मांस सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकलेल्या डब्यात ठेवायचे, म्हणजे त्याचे पाणी दुधात ठिबकणार नाही; कोंबडी, खिमा आणि मासे एक-दोन दिवसांत संपवायचे; गोठलेले मांस ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रिजमध्येच उतरवायचे; शिजवलेले दोन तासांच्या आत परत थंडीत ठेवायचे. एवढे सगळे मी एकटा करतो आणि घरात कोणाचे पोट बिघडत नाही. मग न बिघडलेल्या पोटाकडे बोट दाखवून हीच माणसे म्हणतात, बघ, उगाचच करत होतास. त्या रात्री उरलेले मटण चार तास टेबलावर उघडे होते. मी ते टाकायला निघालो तर मामा म्हणाले, “एक उकळी आणा, सगळे मरते.” सगळे मरत नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू मरतो, पण त्याने आधीच करून ठेवलेले विष उकळीलाही दाद देत नाही. पातेले शेवटी मीच रिकामे केले आणि मीच घासले.

सोमवारी सकाळी मामांचा फोन आला. “जावईबापू, तब्येत ठणठणीत आहे,” ते म्हणाले. मंगळवारी पुन्हा फोन, पुन्हा ठणठणीत. कच्च्या कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूला आपला प्रताप दाखवायला सहसा दोन ते पाच दिवस लागतात, असे मी त्यांना गंभीरपणे सांगितले आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली तेव्हा मला जे वाटले, त्याला काळजी म्हणता येणार नाही.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले, की ६८ अंशांच्या चहात ते जंतू फार वेळ तग धरू शकले नसणार. हे मी मामांना शनिवारी कळवीन.