स्लो लिव्हिंग करा, बाकीचं घरचे बघतील

तर मंडळी, तुमचं आयुष्य फार फास्ट चाललंय. जळगावात राहून तुम्हाला घाई कसली असते ते मला अजून कळलेलं नाही, मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही, पण रील्समध्ये सांगतायत म्हणजे असेलच काहीतरी घाई. तेव्हा आता थांबायचं, इंटेन्शनल जगायचं.

आधी खरेदी उरकून घ्या, साधेपणाला सामान बरंच लागतं. मळकट रंगाचा लिननचा कुर्ता (मळलेला चालत नाही, विकत घेतलेलाच मळकट पाहिजे), मातीचा मग, आणि रोज सकाळी "मी कृतज्ञ आहे" लिहायला हँडमेड कागदाची डायरी. डिलिव्हरी लवकरात लवकरची निवडा, स्लो व्हायला उशीर नको.

मग सकाळी फोन न बघता उठायचं आणि गॅलरीत बसून चहाचा एकेक घोट जाणीवपूर्वक घ्यायचा. चहा कोणी केला ते जाणिवेत येत नाही, सोडून द्या. आत बायको एका हाताने डबा भरतेय, दुसऱ्या हाताने पोराच्या शर्टाची बटणं लावतेय, त्यात नळाला पाणी आलंय, आपल्याकडे ते काही रोज येत नाही त्यामुळे आलं की घरात लढाईच, आणि ती तुम्हाला मोटर लावा म्हणून हाका मारतेय. हलू नका. श्वासावर लक्ष ठेवा. उलट तिलाच प्रेमाने सांगा, अगं जरा स्लो डाऊन कर, किती स्ट्रेस घेतेस. फक्त त्याआधी लाटणं कुठे ठेवलंय ते बघून घ्या.

आता स्लो फूड. यात थोडी थिअरी पाठ पाहिजे. 1986 साली रोममध्ये मॅकडोनाल्ड उघडत होतं म्हणून कार्लो पेत्रिनी वगैरे मंडळींनी विरोध केला, त्यातून ही चळवळ उभी राहिली, तिचं चिन्ह आहे गोगलगाय. हे घरी सांगू नका, "गोगलगाय न पोटात पाय" म्हणत सगळे तुमच्याकडेच बघतील. सांगायचं ते शेतावर, भरीत पार्टीत. तिथे मित्र कपाशीच्या काड्यांच्या जाळात वांगी भाजत असतात, काड्या भसकन पेटतात न लगेच विझतात म्हणून सारख्या टाकाव्या लागतात, धुराने डोळे लाल, मग चटके खात सालं काढायची, बडगीत (लाकडी भांड्यात) वांगी ठेचायची, मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. तुम्ही बाजेवर बसून प्रोसेस एन्जॉय करा. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आली की मात्र पहिल्या पंगतीत बसा, तिथे स्लो राहिलात तर भरीत संपतं.

उन्हाळ्यात तर चान्सच चान्स. आई न शेजारच्या काकू अंधारात उठून ज्वारीचा घाटा हाटतात, हात भाजून घेत गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) थापतात, ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं असतं. तुम्ही आठला डोळे चोळत वर जा, व्हिडिओ घ्या, मागे बासरी टाका, कॅप्शन द्या "माइंडफुल मॉर्निंग". आजी म्हणेल, "तुले काही काम नही शे का रे?" तो भाग एडिट करा.

अगदीच खोलात जायचं असेल तर अमळनेरला 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, पण तत्त्वज्ञान म्हटलं की वाचावं लागतं, तो नाद नको. त्यापेक्षा फार्मस्टे बुक करा. शेणाने सारवलेली खोली, चुलीवरचा स्वयंपाक, विहिरीवर अंघोळ, म्हणजे ज्यातून बाहेर पडावं म्हणून आजोबांनी जमिनीचा तुकडा विकून तुमच्या वडिलांना शिकवलं, तेच सगळं, जीएसटी धरून. पैसे वडिलांकडूनच मागा, कशासाठी ते सांगू नका. आणि फोन गेटवरच जमा करून घेतात, तेव्हा दुसरा सोबत असू द्या.