दगडांत अडकलेला जावई

आधी एक क्लिअर करतो, माझ्या मते बीच ही बसायची जागा आहे. चालायची नाही, चढायची तर नाहीच नाही. वाळू, खुर्ची, शहाळं, विषय संपला. त्यामुळे न्यू जर्सीच्या मेव्हण्यानं क्रूझ बुक करून "दाजी, व्हर्जिन गोर्डाला द बाथ्स म्हणून बीच आहे, तिथे जायचंच" असं सांगितलं तेव्हा मी बाथ म्हणजे वज्रेश्वरीसारखी गरम पाण्याची कुंडं असणार असं धरून बॅगेत पंचा टाकला आणि निवांत झालो.

तर ही ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, कॅरिबियनमधली. राज्य ब्रिटिशांचं, नोटा अमेरिकन डॉलरच्या, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं पळतात पण बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच, म्हणजे ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला पुढचं कसं दिसत असेल, हा विचार मी टॅक्सीत बसल्यावर केला, करायला नको होता. टोर्टोलाला रोड टाऊनमध्ये जहाज लागलं, तिथून अर्धा तास फेरी, मग ही टॅक्सी, म्हणजे ट्रकवर बाकं ठोकून वर छप्पर, आपल्या वडापचीच चुलत बहीण. वाटेत मेव्हण्यानं बेटाच्या नावाचा अर्थ सांगितला. कोलंबस 1493 साली इथून गेला, त्याला म्हणे हे बेट लांबून आडव्या पडलेल्या जाड बाईसारखं दिसलं, म्हणून नाव जाडी कुमारिका. सगळे एकदा माझ्या पोटाकडे बघून घाईघाईनं समुद्र बघायला लागले.

सासूबाईंना पाण्यात उतरायचं नव्हतं. त्यांना वर सावलीत बसवलं, मांडीवर भडंगाची पिशवी दिली आणि आम्ही निवडुंगांमधून खाली उतरलो. खाली बघतो तर बीच कमी आणि धोंडे जास्त. एकेक धोंडा दुमजली बंगल्याएवढा, काही तर 40 फुटांचे, आणि असे टाकलेत की कुणीतरी घर बदलताना सामान उतरवलं आणि लावायचं राहून गेलं. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हा बाहेर येऊन थिजलेला काळा बेसाल्ट, हा मात्र ग्रॅनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातच सावकाश गार झालेला, मग त्याला भेगा पडल्या, पाण्यानं कडा झिजून गोल झाल्या, वरची माती वाहून गेली आणि हे गोटे उघडे पडले. हे सगळं मला मेव्हण्यानं पोरांना सांगताना ऐकू आलं. माझं लक्ष खुर्ची कुठे मिळते इकडे होतं.

खुर्ची नव्हती. "आता गुहा," मेव्हणा म्हणाला, "या धोंड्यांच्या मधून पलीकडे डेव्हिल्स बेला जायचं, एकदम इझी आहे." मी म्हणलं मला ट्रेकिंगचं काय सांगतोस, सिंहगडावर किती वेळा गेलोय. (गाडी वरपर्यंत जाते. पण हे कुठे त्याला आठवतंय.)

गुहेचं तोंड म्हणजे एकमेकांवर रेललेल्या दोन धोंड्यांमधली तिकोनी फट. आत एक दालन आहे त्याला कॅथेड्रल म्हणतात असं कळल्यावर हात आपोआप चपलांकडे गेला, देवळाची सवय, शिवाय ओल्यात घसरतील म्हणून फटीबाहेर जोडीनं नीट काढून ठेवल्या, पंचा कंबरेला गुंडाळला आणि रांगत आत.

आत ते खरंच भारी आहे, हे मान्य करतो. गुडघाभर पाणी, आणि वरच्या फटीतून उन्हाची तिरीप पडली की पाणी हिरवं, दगड सोनेरी, लाटेचा आवाज घुमतोय. दोन मिनिटं माणूस गप्प होतो. तिसऱ्या मिनिटाला लाकडी शिडी येते, मग दोरखंड, मग पुन्हा पाणी, आणि मग ती जागा. दोन धोंड्यांमधली अशी चिंचोळी फट की पोरं सरळ गेली, बायको तिरकी गेली आणि मी अडकलो.

पुढे जाता येईना, मागे तर येताच येईना, कारण मागे लाईन लागलेली. दादरला साडेसहाच्या लोकलमध्ये शिरलेला माणूस आहे मी, पण लोकलमध्ये समोरचा थोडा दबतो हो, ग्रॅनाइट दबत नाही. मागचे एक अमेरिकन आजोबा "यू गॉट धिस, बडी" म्हणत होते आणि पाठीवर हात ठेवून हळूहळू ढकलतही होते, आपण बसच्या दारात करतो तसंच, फक्त सॉरी म्हणून. पुढून बायको ओरडतेय, "अहो, श्वास सोडा!" सोडला. काही फरक नाही. तेवढ्यात माझा भाचा खाली वाकून म्हणाला, "काका, पोट नाहीये, टॉवेल अडकलाय."

पंचा! त्याची गाठ दगडाच्या खोबणीत बसली होती. भाच्यानं ओढला, मी पलीकडे बदकन पाण्यात, मागे टाळ्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं पोट निर्दोष सुटलं, आणि बायको अजून मानायला तयार नाही.

आणखी शिड्या, आणखी रांगणं, आणि एकदाचा डेव्हिल्स बे. पांढरी वाळू, निळं पाणी, आणि धोंड्याच्या सावलीत पाय पसरून, साडीला पाण्याचा एक थेंब न लागलेल्या सासूबाई, भडंग खात.

"आई, तू इथं कशी?"

"अगं वरून सरळ पायवाट आहे की इकडे. पाटी लावलीय. बसून कंटाळा आला म्हणून आले चालत, कधीची वाट बघतेय."

मेव्हणा अचानक समुद्राचे फोटो काढायला लागला. मी पिशवीत हात घातला, मूठभर भडंग घेतलं, आणि ठरवून टाकलं की परत काही झालं तरी त्या पायवाटेनंच जायचं, गुहेचं नाव काढायचं नाही. सासूबाई माझ्या पायांकडे बघत होत्या.

"वाट चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण दगड फार टोचतात हो, आणि ऊन तापलंय. जावईबापू, तुमच्या चपला कुठायत?"