हे सुरू कधी होणार?

ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्याला क्रुआंगबिन या इथल्याच बँडचा थोडा अभिमान असतो, म्हणून गेल्या शनिवारी मित्राकडे जेवणाआधी मी त्यांचा २०२४ चा ‘आ ला साला’ हा अल्बम लावला. समोरच्या सोफ्यावर मित्राचे सासरे बसले होते. पुण्याहून लेकीकडे आलेले निवृत्त बँक अधिकारी. तिसऱ्या गाण्यापर्यंत ते तल्लीन होऊन मान डोलावत होते आणि मग अत्यंत आदराने त्यांनी विचारले, “वाद्ये छान लावताहेत. सुरू कधी करणार?”

“काका, हेच गाणे आहे.”

“बरं. मग गायक यायचा असेल.”

गायक फारसा येत नाही, असे मी सांगितले. काकांनी बँडचे ड्रमवादक डीजे जॉन्सन यांच्या ड्रमकडे कान लावला. “याला तासावर पैसे मिळतात का रे? फारच सावकाश चाललंय.” आणखी दोन गाण्यांनंतर त्यांनी अंतिम निकाल दिला : “ही मुदत ठेव आहे. बुडणार नाही, पण व्याजही वाढणार नाही.”

माझा राग काकांवर कमी आणि समीक्षकांवर अधिक आहे, कारण अल्बमचे कौतुक करणाऱ्या कित्येकांनीही हेच लांबलचक वाक्यांत लिहिले होते. २०२० च्या ‘मॉर्डेकाय’ या अल्बममध्ये बँडने गायन वाढवले होते, या वेळी ते पुन्हा वाद्यांकडे वळले, तर कोणाला ती घरवापसी वाटली आणि कोणाला जागच्या जागी फिरणे. ‘सुखद’ हा शब्द तर असा वापरला गेला, की कॅफेच्या मालकाने हे संगीत मंद आवाजात लावल्याची शिक्षा बँडला व्हावी. गिटारवादक मार्क स्पीअर आणि जॉन्सन यांची भेट चर्चमधल्या गॉस्पेल भक्तिगीतांच्या साथीत झाली, त्यांनी थायलंडचे साठ-सत्तरच्या दशकांतील फंक हे ठेक्याचे संगीत कान देऊन ऐकले, आणि तिसऱ्या सदस्य लॉरा ली यांच्या बास गिटारला जागा मिळावी म्हणून एकेक ठोका गाळायला शिकले. ही मेहनत ऐकू येत नाही, हाच तिचा गुन्हा. सवाईला विलंबित ख्याल तासभर ऐकणाऱ्या काकांनी तरी घाई करू नये, असे मी बोललोही. “तिथे शेवटी द्रुत असतं,” ते म्हणाले.

आवाज कमी करून यजमानीणबाईंनी पाने घेतली. मी शेवटचे अस्त्र काढले : याच बँडला २०२५ च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळाले होते.

“पहिला अल्बम कधीचा?”

“२०१५ चा.”

“आमच्या बँकेत सहा महिन्यांत कायम करायचे,” काका म्हणाले आणि त्यांनी कोशिंबीर मागितली.