बाहेरगावचा माणूस जिममध्ये आला तं काय करावं

राजेहो, तालुक्याच्या गावात जिम टाकली म्हणजे बाहेरगावचा माणूस कधी ना कधी दारात येतेच. लग्नाले आलेला पुण्याचा जावई, लॉजवर उतरलेला एमआर, नाही तं शेगावचं दर्शन करून वापस चाललेला कोणी. "भाऊ, आजच्या दिवस व्यायाम करू देता का?" म्हणते बिचारा.

तं पहिले काउंटरवर कोणी सापडलंच नाही पाहिजे. मालक वावरात, ट्रेनर पानठेल्यावर खर्रा घोटत, अन् बोर्डावरच्या नंबरवर फोन लावला का तो मालकाच्या साळ्याले लागला पाहिजे, जो नागपूरले राहते.

मंग ट्रेनर आला का सुरू करा. कोण्या गावचे? कोणाच्या इथं आले? आडनाव काय? आधार कार्ड अन् दोन फोटो द्या. त्यानं एका दिवसाचे पैसे विचारले का असं पाहा जसं त्यानं तुमचं वावरच मागतलं. "रोजचं नाही आपल्याकडं, तीन महिन्याचं पॅकेज घ्या, स्वस्त पडते." तो उद्या पहाटच्या गाडीनं चालला, पण आपल्याले काय त्याचं! भिंतीवर एका दिवसाचा रेट लिहून ठेवू नका बाप्पा, माणूस पैसे देऊन सरळ व्यायामालेच लागते.

बूट बाहेर काढाले लावा, अन् आत वजनाच्या प्लेटा जमिनीवर पसरून ठेवा. ऑलिम्पिकचा रॉड 20 किलोचा असते हे त्याले माहीत असन, पण आपला वेल्डिंगवाल्यानं बनवलेला किती किलोचा हे कोणालेच माहीत नसलं पाहिजे, विचारलं तं "उचलून पाहा न" म्हणा. रॉडवरच्या प्लेटा अडवाचं लॉक एकच ठेवा. सोमवारी आला तं सोन्याहून पिवळं, त्या दिवशी साऱ्या गावाचा चेस्ट, म्हंजे छातीचा व्यायाम, असते, एका बेंचवर सहा पोट्टे अन् सहाही मोबाइल पाहत. मे महिन्यात 45 डिग्रीत कूलरचं तोंड ट्रेनरच्या खुर्चीकडं.

अन् बाई आली तं? लेडीज टाइम दुपारी 12 ते 1, संपला विषय.

तसं पाहाले गेलं तं पाहुण्याचं आपल्या इकडं नवीन नाही. आखाड्यात बाहेरचा पैलवान आला का मातीले हात लावून लंगोट कसे अन् वस्ताद त्याले कुस्तीले बरोबरीची जोड देत, पॅकेज-बिकेज नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. पण ते जुने लोक, त्याईले बिजनेस कुठं समजत होता.

तुम्ही मात्र जाता जाता त्याचा नंबर घ्या अन् ग्रुपमध्ये टाका. मंग दिवाळी ऑफर, 26 जानेवारी ऑफर, मालकाच्या पोराच्या वाढदिवसाची ऑफर, सारं त्याले पुण्यात पोचत राहीन. ग्रुपातून निघाला तं परत टाका.