वाजलं म्हणजे सोनं नव्हे

इंदूरच्या मराठी घरांत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: चुंबकीय लोकेटर (जमिनीखालचं लोखंड शोधणारं दांड्यासारखं यंत्र) जुन्या वाड्याच्या जमिनीवर फिरवा, खाली पुरलेलं सोनं-चांदी तो वाजून सांगेल, किती खोल आहे तेही दाखवेल, यंत्र नसेल तर मोबाइलमधलं ॲपही चालेल.

आधी सोन्याचं. लोकेटरच्या दांड्यात साधारण हातभर अंतरावर दोन संवेदक असतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दोघांनाही सारखंच जाणवतं, म्हणून ते वजा होऊन जातं. खाली लोखंड असेल तर खालच्या संवेदकावर परिणाम जास्त, वरच्यावर कमी. हा फरकच आवाज होऊन ऐकू येतो. सोनं, चांदी, तांबं, पितळ यांनी हे क्षेत्र हलत नाही. होळकरी रुपया चांदीचा, आणि गोष्टींतला मोहरांचा हंडा तर हमखास तांब्याचा! ऐवज लोखंडी पेटीत असेल तर यंत्र वाजेल, पण पेटीमुळे. वेटोळं असलेला मेटल डिटेक्टर वेगळा. तो धातूत वीज खेळवून सोनंही ओळखतो, मात्र एकट्या नाण्याला फार तर वीत-दीड वीत खोलीपर्यंत.

“पण आमच्या ओसरीत वाजलं ना!” वाजणारच. माळव्याच्या पोटात काळा बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं आणि थंड होताना दगडानं तेव्हाचं चुंबकत्व धरून ठेवलेलं असतं. जोत्याचा काळा दगड, भरावातला धोंडा, भाजलेली वीट, पुरून टाकलेली चूल, सगळं कमी-अधिक वाजतं. पुरातत्त्ववाले तर जुन्या भट्ट्या अशाच शोधतात. शिवाय खिळे, नाल, सळया कुठल्या अंगणात नसतात? अशा आवाजावर भरवसा ठेवून फरशी उखडायची म्हणजे कमालच.

खोलीचा दावाही कच्चा आहे. लहान वस्तूपासून अंतर दुप्पट झालं की तिच्या क्षेत्राचा जोर आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे वरवरचा खिळा आणि खोल गेलेला जाड लोखंडी तुकडा सारखेच वाजू शकतात. एका आवाजावरून खोली सांगणारा अंदाजच बांधतो.

मोबाइलमध्ये चुंबकीय संवेदक असतो, एवढंच खरं. भिंतीतली सळई जवळ नेल्यावर तो दाखवेल. जमिनीत हातभर खाली गेलेल्या खिळ्याचा त्याला पत्ताही लागत नाही.

आणि खरंच काही सापडलं तर? दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज मिळाला की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. निखात निधीचा कायदा १८७८ पासून आहे.

लोकेटरचं खरं काम साधं आहे: डांबराखाली गडप झालेलं व्हॉल्व्हचं बिडाचं झाकण किंवा मातीत गेलेल्या जुन्या बोअरचं लोखंडी केसिंग शोधणं. उभा पाइप तर नेमका तोंडावर वाजतो, दोन-चार फावडी माती काढली की दिसतो. केसिंग पीव्हीसीचं असेल तर मात्र यंत्र गप्प.