अर्धा तांदूळ फेकतात म्हणे

"तुम्हाला यातलं कळत नाही" हे वाक्य परवा एका वाइन शॉपवाल्याने मला ऐकवलं नाही. ते काम त्याने दुकानात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला करू दिलं आणि स्वतः नुसती मान हलवली. राग त्या मान हलवण्याचा आहे.

बाटली साकेची, म्हणजे जपानी दारूची होती. ७२० मिलिलिटर, जुनमाई दाइगिंजो (जुनमाई म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली, दाइगिंजोचं पुढे येतंच), फिकट हिरवी काच. जागा पश्चिमेकडे तोंड केलेल्या शोकेसमध्ये, वेळ दुपारी साडेचारची, आणि ऊन कमी पडेल म्हणून की काय, डोक्यावर पिवळा हॅलोजन. हाच माल आत खोक्यातला आहे का, एवढंच मी विचारलं. "सर, तोच पीस आहे. दुसरा नाही." असं म्हणून त्याने काउंटर पुसायच्या फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली. शोकेसचा पीस आहे तर भावात काही कमी होईल का, असं विचारल्यावर "इम्पोर्टेडवर नाही" हे उत्तर आलं.

इथे काका आले. पांढरा हाफ शर्ट, हातात कुठल्याशा पतपेढीची कापडी पिशवी, मुठीत क्वार्टरपुरते मोजून आणलेले पैसे.

"कशाची आहे ही?"

"तांदळाची," मी म्हणालो.

"तांदळाची?" काकांनी पिशवी खाली ठेवली. पुण्यात गिऱ्हाइकाने पिशवी खाली ठेवली की निदान वीस मिनिटं जाणार. "केवढ्याला?"

"साडेचार हजार," दुकानदार.

काकांनी डोळे मिटले. "इंद्रायणी सत्तर रुपये किलो. चौसष्ट किलो झाला. वर वीस रुपये सुटे." डोळे उघडले. "हिला किती लागतो तांदूळ?"

एका बाटलीला किलोभरसुद्धा लागत नाही. मी तसं सांगितलं, आणि काका माझ्याकडे पाहायला लागले. मग सारवासारव म्हणून दाण्याचं सांगितलं. हा तांदूळ खायचा नसतो, त्याची जातच वेगळी. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात, त्यांनी चव जड होते. म्हणून दाणा घासत न्यायचा. गिंजो म्हणायचं तर ६० टक्के किंवा त्याहून कमी उरला पाहिजे. दाइगिंजो म्हणायचं तर ५०.

"आणि बाकीचा अर्धा?"

"त्याचं पीठ होतं. त्याची बिस्किटं करतात, जनावरांना घालतात."

"म्हणजे," काका रांगेकडे वळून म्हणाले, कारण आता रांग झाली होती, "अर्धा तांदूळ काढून घेतात, त्याची बिस्किटं वेगळी विकतात, आणि राहिलेल्या अर्ध्याचं पाणी करून आपल्याला साडेचार हजाराला. आमची आई हातसडीचा तांदूळ खायची. नव्वदीपर्यंत चश्मा नव्हता."

"जपानी हुशार," दुकानदार म्हणाला.

"एक्सपायरी काय लिहिलीये?"

साकेवर एक्सपायरी नसते, बहुधा बाटली भरल्याचा महिना असतो, असं मी म्हणेपर्यंत बाटली काकांच्या हातात होती. आयातदाराचं स्टिकर नेमकं मागच्या लेबलवर चिकटवलेलं, त्याच्या कडेला आकडे तेवढे दिसत होते: ७.३.

"सात मार्च. साल कुठंय?"

दुकानदाराने चश्मा लावला. "सात म्हणजे २००७ असणार."

"अठरा-एकोणीस वर्षं मुरलेली!" काकांनी बाटली दोन्ही हातांनी धरली. "आणि हे गृहस्थ डिस्काउंट मागतायत!"

सात हे तिथल्या सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष आहे, रेइवा नावाचं. ती कारकीर्द २०१९ साली सुरू झाली. सातात २०१८ मिळवले की २०२५, म्हणजे बाटली मार्च २०२५ची. आपल्याकडे शके असतं तसं, असं मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं.

"शके पंचांगावर लिहितात," काका म्हणाले. "दारूवर नाही."

मागे कोणीतरी हसलं. काकांचं पुढचं वाक्य ते, अगदी वर लिहिलेलं. दुकानदाराने मान हलवली, बाटली काकांकडून घेतली आणि शोकेसच्या सर्वांत वरच्या फळीवर, बरोबर हॅलोजनखाली नेऊन ठेवली. जुना माल म्हणून मानाची जागा. काकांनी क्वार्टर आणि सोडा घेतला आणि जाता जाता मला सांगितलं, "आणि ती गरम करून प्यायची असते."

आता ज्यांना अशा शोकेससमोर उभं राहायची वेळ येणार आहे त्यांच्यासाठी. साके मुरवायची दारू नाही. ती गाळलेली, म्हणजे डिस्टिल केलेली नसते, आंबवलेली असते. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. अशाने ते २० टक्क्यांच्या आसपास पोचतं, मग पाणी घालून १५-१६वर आणतात. व्हिस्कीचा संबंध नाही. मुद्दाम जुनी करतात अशी कोशू नावाची जात आहे, पण ती वेगळी. बाकीची भरल्यापासून वर्षभरात संपवावी हे बरं. ऊन लागलं तर वर्षही लांब राहिलं, थेट उन्हात काही तासांत वास बदलायला लागतो. आधी सफरचंद-केळ्याचा जो नाजूक वास असतो तो जातो, मग ओल्या पुठ्ठ्याचा येतो, आणि शेवटी मुळ्याच्या जुन्या लोणच्याचा. पिऊन आजारी कोणी पडत नाही. साडेचार हजार मात्र जातात.

म्हणून दुकानात बाटलीची मान उजेडाकडे धरून रंग बघावा. पाण्यासारखा किंवा अगदी फिक्कट पिवळा असेल तर ठीक. कोशू नसताना मधाच्या रंगाकडे झुकला असेल तर ठेवून द्यावी. आयातदाराच्या स्टिकरवर आयातीचा महिना असतो, तो भरल्याच्या महिन्याशी ताडून पाहावा. आणि "नामा" म्हणून कोणी काही दाखवलं, तर आधी ती फ्रीजमधून काढली की फळीवरून, ते पाहावं. साध्या साकेला बहुधा दोनदा ६५ अंशांच्या आसपास तापवून स्थिर केलेलं असतं, नामाला नाही. ती दुधासारखी सांभाळायची असते. उन्हाळ्यात फळीवर राहिलेली नामा गढूळ आणि आंबट झालेली निघते, कारण अल्कोहोलमध्येही तग धरणारे जिवाणू असतात. फळीवरची नामा फुकट दिली तरी घेऊ नये.

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे पुण्यात जपानी माणसं आहेत, त्यामुळे जपानी हॉटेलं आहेत, आणि कोरेगाव पार्क-बाणेरकडे अधूनमधून टेस्टिंगही असतं. तिथलं माझं गाऱ्हाणं बर्फाचं. सगळं इतकं गार करून देतात की चांगली-वाईट एकच लागते. सरळ सांगावं, दहा मिनिटं टेबलावर राहू द्या, मग पितो. दुसरं विचारायचं ते "ही बाटली कधी उघडली?" ग्लासवर विकली जाणारी साके हॉटेलात महिनाभर उघडी असू शकते, आणि उघडल्यावर ती फ्रीजमध्येही आठवडा-दोन आठवडेच नीट राहते. हा प्रश्न विचारल्यावर वेटर मॅनेजरला बोलावतो. बोलवू द्या. एका वेळी २०-३० मिलिलिटर पुरतं. सुवासिक दाइगिंजोपासून सुरुवात करावी, साध्या जुनमाईकडे यावं, मधे साधं पाणी प्यावं, आणि वासाबीला शेवटपर्यंत हात लावू नये. तळाशी दोन निळी वर्तुळं असलेला पांढरा कप मिळाला तर त्या निळ्यावर गढूळपणा आणि पांढऱ्यावर रंग दिसतो, तो त्यासाठीच असतो. वासासाठी मात्र वाइनचा ग्लास मागावा. शॉट ग्लासमध्ये दिली तर नाक खुपसायलाही जागा नसते. आवडली तर लेबलचा फोटो काढावा, कारण नाव दुसऱ्या दिवशी कोणालाही आठवत नाही.

खरं तर पुण्याचा हक्क जास्त आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं. रविवारी तिथे पुलावर उभं राहून माशांचे फोटो काढायला रांग लागते. आणि ओकायामा साकेवाल्यांमध्ये कशासाठी ओळखलं जातं, तर ओमाची या तांदळासाठी. १८५९ साली सापडलेली जुनी जात, भरदार चवीची. मैत्रीत आपल्याला मासे मिळाले, पूल मिळाला, "गवतावर बसू नये" ही पाटी आपण आपल्याकडून घातली, आणि ओमाचीची एक बाटली म्हणून शहरात शोधायला गेलं तर "सर, वोडका दाखवू?"

त्यामुळे बरेच लोक शेवटी तोक्योत बसलेल्या भाच्यावर अवलंबून असतात. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. ७२०च्या दोन आणि ३००ची एक मिळून १७४० होतात, हा हिशोब त्याला आधीच पाठवावा, नाहीतर तो १.८ लिटरची एकच आणतो. ती साधारण ४० सेंटिमीटर उंच असते आणि घरच्या फ्रीजमध्ये कप्पा काढल्याशिवाय उभी राहत नाही. आडवी ठेवायची नाही. तिला बूच नसतं, पत्र्याचं झाकण असतं, शिवाय आडवी केली की आतली जास्त दारू हवेला लागते. बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. आणि मुंबईहून गाडीने येताना डिकीत ठेवून लोणावळ्याला वडापाव खायला तासभर थांबायचं नाही. हे भाच्याला पटत नाही.

घरी आल्यावर बाटलीला जुन्या पेपरचे दोन थर गुंडाळावे, उजेड आत जाऊ नये म्हणून. फ्रीजच्या दारात ठेवू नये, दार दिवसभर उघडझाप होतं. तळाच्या कप्प्यात मागे, भाजीच्या ट्रेशेजारी, उभी. साधी तापवलेली जुनमाई अंधाऱ्या कपाटात चालते असं जपानी माणूस सांगेल, पण त्याचं कपाट पुण्याच्या एप्रिलमध्ये नसतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की फ्रीज उघडू नये. हे घरच्यांना सांगून उपयोग नसतो, ते दही पाहायला उघडतातच.

गरम करण्याबद्दल. काका निम्मे बरोबर होते आणि त्याचाच जास्त त्रास होतो. जुनमाई आणि थोडं अल्कोहोल घातलेली होनजोझो गरम छान लागतात, ४० ते ४५ अंशांना. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करावा, १८० मिलिलिटरचं चिनी मातीचं भांडं त्यात दोन-तीन मिनिटं धरावं. स्टीलचा तांब्या लवकर तापतो, त्याच्यावर लक्ष ठेवावं. मायक्रोवेव्हमध्ये वरचं उकळतं आणि खालचं गारच राहतं. सोबत कोथिंबीर वडी किंवा तव्यावरची सुरमई असावी. मिसळीपुढे कुठलीच साके टिकत नाही, प्रयत्न करू नये. पण त्या शोकेसमधली दाइगिंजो तापवायची म्हणजे अर्धा दाणा घासून मिळवलेला वास वाफेवर सोडून द्यायचा.

बिघडलेली फेकू नये. माशाला मीठ-हळद लावायच्या आधी दोन चमचे चोळली की माशाचा वास जातो. आणि अर्धी बाटली उरली तर ३००च्या रिकाम्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी, म्हणजे वर हवा राहत नाही. ती बाटली नुसत्या कढत पाण्याने धुवावी, साबणाचा वास राहतो. मात्र बिनलेबलची पारदर्शक बाटली पुणेरी फ्रीजमध्ये ठेवली की पाहुण्यांना पाणी म्हणून दिली जाते. त्यावर मार्करने "पाणी नाही" असं लिहावं. "साके" लिहिलं तर येणारा-जाणारा उघडून वास घेतो आणि झाकण अर्धवट लावून ठेवतो.